ऋतू बदलला की पीठ फुगण्याचा वेळही बदलतो
आपण पहिल्यांदाच घरी पाव भाजणार आहात, तेव्हा कृतीत लिहिलेल्या वेळेपेक्षा स्वयंपाकघरातल्या तापमानाकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. पीठ फुगवणारे यीस्ट साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअसला चांगले काम करते. त्यामुळे उन्हाळ्यात तासाभरात दुप्पट होणारे पीठ थंडीत दोन-तीन तासही घेते, आणि ही संथ वाढच मला अधिक प्रिय आहे, कारण तिने पावाला चव येते. घाईपोटी उकळते पाणी मात्र कधीही घालू नये, त्याने यीस्ट मरते. दमट हवेत पिठाने आधीच ओलावा धरलेला असतो, म्हणून दोन चमचे पाणी राखून ठेवावे. आकार दिलेला गोळा भाजण्यापूर्वी बोटाने हलके दाबावा. खळगा सावकाश आणि अर्धवटच भरून आला, तर गोळा भट्टीत जाण्यास तयार आहे.