एक लॅपटॉप, दोन डोमेन

प्रश्न : माझा विंडोज लॅपटॉप मुख्य कंपनीच्या डोमेनमध्ये (कंपनीचे संगणक आणि खाती एकत्र सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) आहे. आठवड्यातले दोन दिवस उपकंपनीच्या कार्यालयात बसावे लागते आणि तिथले डोमेन निराळे आहे. लॅपटॉप जुन्या डोमेनमधून काढून तिथल्या डोमेनमध्ये घातला, तर डेस्कटॉप कोरा दिसला, फायलीही दिसेनात. दोन्हीकडे तोच कसा वापरावा?

उत्तर : फायली गेलेल्या नाहीत. सी ड्राइव्हवरच्या यूजर्स फोल्डरमध्ये जुन्या प्रोफाइलखाली (खात्याचा डेस्कटॉप, फायली आणि मांडणी ठेवणाऱ्या फोल्डरमध्ये) त्या आहेत. विंडोज खाते ओळखते ते नावावरून नाही, सुरक्षा क्रमांकावरून. नव्या डोमेनमध्ये नाव तेच असले तरी क्रमांक वेगळा, म्हणून प्रोफाइलही नवे. लॅपटॉप मूळ डोमेनमध्ये परत घातला की जुने प्रोफाइल जसेच्या तसे उघडेल.

संगणक एका वेळी एकाच अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (मायक्रोसॉफ्टची डोमेन व्यवस्था) डोमेनचा सदस्य असतो. तेव्हा ही अदलाबदल थांबवा आणि लॅपटॉप मूळ डोमेनमध्येच ठेवा. उपकंपनीत मूळ डोमेनचा सर्व्हर दिसत नसला तरी साठवलेल्या माहितीवर लॉगिन होते. (या सोयीची मूळ मर्यादा ‘१०’ असते; ती शेवटच्या १० वापरकर्त्यांची आहे, १० वेळा लॉगिन करण्याची नाही. हा गैरसमज फार.)

दुसऱ्या डोमेनमधले शेअर फोल्डर उघडायला सदस्यत्व लागत नाही, तिथले खाते लागते. कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (साठवलेली खाती आणि पासवर्ड इथे असतात) विंडोज क्रेडेन्शियल जोडा. सर्व्हरचे नाव डोमेनसकट पूर्ण लिहा आणि उघडतानाही तेच वापरा. तोकड्या नावाला लॅपटॉप आधी स्वतःच्या डोमेनचा प्रत्यय लावून पाहतो. वापरकर्ता लिहिताना आधी त्या डोमेनचे नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग खात्याचे नाव. त्रुटी १२१९ आली, तर त्याच सर्व्हरशी दुसऱ्या खात्याने जोडणी आधीच उघडी आहे. ती तोडा आणि पुन्हा जोडा.

दुसऱ्या डोमेनच्या सर्व्हरशी जोडणाऱ्या डेटाबेससारख्या प्रोग्रॅमसाठी ‘रनअ‍ॅज’ हा आदेश ‘नेटओन्ली’ पर्यायासह चालवा. प्रोग्रॅम लॅपटॉपवर तुमच्याच खात्याने चालतो, नेटवर्कवर मात्र दुसरे खाते दाखवतो. मेख अशी की सुरुवातीला पासवर्ड तपासलाच जात नाही. चुकीचा टाकला तरी खिडकी उघडते आणि नकार मिळतो तो पुढे सर्व्हरशी जोडताना.

सदस्य संगणकच हवा असा हट्ट धरणारा प्रोग्रॅम असेल, तर त्या डोमेनमधल्या यंत्रावर रिमोट डेस्कटॉपने (दूरचा संगणक आपल्या पडद्यावरून चालवण्याची सोय) जा. दोन्ही कंपन्या एकाच समूहातल्या असतील, तर दोन डोमेनमध्ये ट्रस्ट (एकाने दुसऱ्याची खाती मान्य करण्याची जोडणी) उभारायला प्रशासकांना सांगून पाहा. मग तिथल्या खात्याने थेट याच लॅपटॉपवर लॉगिन करता येते.

प्रश्न : दुसऱ्या डोमेनचा पासवर्ड बदलला की काही तासांत खाते लॉक होते. असे का?

उत्तर : क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना पासवर्ड राहिला आहे आणि मॅप केलेला ड्राइव्ह (ड्राइव्हचे अक्षर देऊन जोडलेले शेअर फोल्डर) तोच पुन्हापुन्हा पाठवतो आहे. नोंद काढून टाका, ड्राइव्ह नव्याने जोडा. फोनवरच्या मेलमध्येही तोच पासवर्ड असेल, तर तिथेही बदला.