पालखीची वहिवाट

प्रश्न गुहागरकडच्या एका वाचकाचा. शिमग्याआधीच्या गावबैठकीच्या इतिवृत्तात 'पालखीची वहिवाट मोहल्ल्यातून आहे' असं लिहिलं गेलं. मोहल्ल्यातल्या मुस्लीम जमातीतल्या एकाने हरकत घेतली, 'रूढी लिहा. वहिवाट लिहिलीत तर तो हक्क होतो.' बरोबर कोण?

हरकत घेणाऱ्याचा कान तिखट आहे. वहिवाट म्हणजे मुळात चालवणं, कारभार पाहणं. देवस्थानचा वहिवाटदार त्यातलाच. पण कोकणात हा शब्द जुन्या वापराचा हक्क या अर्थाने, देवळापेक्षा तहसील कचेरीत जास्त ऐकू येतो. गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावरून, सख्खे भाऊ भांडतात आणि दोघांच्याही अर्जात 'पूर्वापार वहिवाट' असतेच. शेजाऱ्याने चिरे रचून शेताची वाट अडवली, की १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा. दुसऱ्याच्या जागेतून जाण्याचा कायम हक्क हवा, तर १८८२ चा सुविधाधिकार कायदा वीस वर्षांचा उघड, अखंड, बिनतक्रार वापर मागतो. दरवर्षी विचारून जात असाल, तर ती परवानगी झाली, वहिवाट नव्हे.

रूढीला असला हिशेब नाही. शिमग्यात बोंब मारायची रूढी असते, वहिवाट नसते. मान आणखी निराळा. तो धर्म पाहतोच असं नाही. रत्नागिरीजवळ हातीसच्या पीर बाबरशेखांच्या उरुसात हिंदू ग्रामस्थांचा मान आहे.

आता मोहल्ला. वाट कोणाच्या खाजगी आवारातून जात असेल, तर वहिवाट सिद्ध करा. रस्ता ग्रामपंचायतीचा असेल, तर हा शब्दच तिथे फोल. मशिदीजवळ थांबून मातम करण्यावरून शिया-सुन्नींचा एक वाद सुमारे शंभर वर्षांपूर्वी प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, गेला होता. सार्वजनिक रस्त्याने आपल्या रीतींसह धार्मिक मिरवणूक नेता येते, मात्र अधिकाऱ्यांचे कायदेशीर आदेश आणि इतरांचा रस्त्यावरचा हक्क सांभाळून, असा निकाल लागला. ती पूर्वापार चालत आलेली हवी, ही अटच नाही. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पालखी नेणाऱ्यांना रस्त्याचा जादा वाटा मिळत नाही. आणि मोहल्ल्याने उद्या ईद-ए-मिलादचा जुलूस पहिल्यांदाच बाजारपेठेतून काढायचं ठरवलं, तर 'तुमची वहिवाट कुठाय?' असं विचारून त्यांना अडवता येत नाही. बैठकीत हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारा बहुधा ज्याची माणसं जास्त त्या बाजूचा असतो. मला या शब्दाची खरी अडचण वाटते ती इथे.

शिवाय वहिवाटीच्या पोटात हल्ली डीजेही घुसतो. खाजगी जागेतलीसुद्धा वहिवाट जेवढी होती तेवढीच राहते, वाढत नाही. ढोल-ताशा जात होता म्हणून स्पीकरची भिंत नेता येत नाही. रस्त्यावर तर ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेतच.

तेव्हा इतिवृत्तात 'पालखीचा नेहमीचा मार्ग' लिहा आणि पुढे वेळ घाला. नमाजाच्या वेळेशी गाठ पडत असेल, तर बैठकीतच कळेल.