विद्यापीठांमधल्या मेडिकल रिसर्चचा साध्या पेशंटला खरंच काही उपयोग होतो का? अलीकडचं एखादं उदाहरण सांगाल?

होतो. उदाहरण माझ्या रोजच्या कामातलंच देते. मी लेबर रूमची सिस्टर आहे, ग्रामीण भागातल्या सरकारी दवाखान्यात बरीच वर्षं काढलीत. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की पेपर छापले जातात, दोन दिवस बातम्या येतात आणि मग पेशंटपर्यंत काहीच पोचत नाही, ते बऱ्याच बाबतीत खरं आहे. पण २०२३ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाने ई-मोटिव्ह नावाचा एक अभ्यास छापला, त्याच्याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोललं नाही आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं बायकांच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं काम तेच आहे.

विषय डिलिव्हरीनंतरच्या रक्तस्रावाचा, आम्ही त्याला पीपीएच म्हणतो, घरची माणसं म्हणतात "अंगावरून फार जातंय". नऊ महिने भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जात असतं. बाळ झालं, वार पडली की पिशवीचे स्नायू घट्ट आवळतात आणि वार जिथे चिकटलेली होती तिथल्या उघड्या रक्तवाहिन्या त्या आवळण्यानेच बंद होतात. पिशवी सैल राहिली तर त्या बंद होत नाहीत आणि मग बघता बघता बाई पांढरी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ कोटी ४० लाख बायकांना पीपीएच होतो आणि जवळपास ७० हजार त्यात जातात, त्यातल्या बहुतेक गरीब देशांतल्या. वाईट याचं वाटतं की यावरची औषधं नवीन नाहीत, महागही नाहीत, बहुतेक दवाखान्यांच्या कपाटात असतात.

मग बायका जातात कशामुळे? बर्मिंगहॅमवाल्यांनी नेमका हाच प्रश्न धरला आणि उत्तर शोधायला कुठलं नवीन इंजेक्शन नाही आणलं. त्यांचं म्हणणं असं की एक तर रक्त जास्त जातंय हे वेळेत कळत नाही, आणि दुसरं म्हणजे कळल्यावर उपचार एकेक करत, मध्ये वाट बघत दिले जातात.

पहिली गोष्ट लेबर रूममध्ये उभं राहिल्याशिवाय लक्षात यायची नाही. रक्त एका जागी साठत नाही हो. थोडं चादरीत मुरतं, थोडं मॉपमध्ये, थोडं टेबलाखालच्या बादलीत, थोडं जमिनीवर, त्यात गर्भजल मिसळलेलं, आणि सिस्टर एकटी असेल तर तिचा एक हात बाळाकडे. त्यात नजरेने "असेल तीनशे एमएल" असं ठरवायचं आणि केसपेपरवर लिहायचं. अनुभवी डोळे असले तरी हा अंदाज कमीच निघतो, आणि जितकं जास्त रक्त गेलेलं असतं तितका जास्त चुकतो. हे मोजून दाखवलं ते आपल्या शेजारच्या बेळगावातल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजात. तिथल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर साध्या प्लास्टिकचं एक कापड बनवलं, बाळ बाहेर आलं की ते बाईच्या कमरेखाली सरकवायचं, खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी पारदर्शक पिशवी लोंबते आणि तिच्यावर एमएलच्या रेषा छापलेल्या असतात. याला आम्ही ड्रेप म्हणतो. २००६ साली त्यांनी छापलं की नजरेचा अंदाज ड्रेपच्या मापापेक्षा सरासरी ३३ टक्के कमी येतो. म्हणजे तीनशे एमएल गेलेलं असतं तिथे आपण दोनशे धरून चाललेलो असतो.

त्याच टीमचं आणखी एक काम त्याच वर्षी आलं, बेळगाव जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत नर्सताईंनी डिलिव्हरी झाल्या झाल्या मिसोप्रोस्टॉलच्या (गर्भपिशवी आवळणाऱ्या) गोळ्या द्यायच्या असा प्रयोग, १,६२० बायका होत्या, आणि पीपीएचचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. खेड्यात, डॉक्टर नसताना. सीमेपलीकडे तासाभराच्या अंतरावर हे झालं आणि आपल्याकडे ते किती जणांना माहीत आहे, याची मला खरंच हळहळ वाटते.

आता ई-मोटिव्हकडे येते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतली ८० हॉस्पिटलं घेतली, आपल्या उपजिल्हा रुग्णालयाच्या तोडीची समजा, आणि दोन लाखांवर नॉर्मल डिलिव्हरी. चिठ्ठी टाकून काही हॉस्पिटलांत नेहमीचीच पद्धत चालू ठेवली आणि काहींत नवीन पद्धत आणली. यातला एक बारकावा मला फार आवडला. जुन्या पद्धतीच्या हॉस्पिटलांतही ड्रेप होताच, पण त्याच्यावर रेषा नव्हत्या, रक्त जमायचं आणि नंतर काट्यावर वजन करून नोंद व्हायची, म्हणजे संशोधकांना खरा आकडा कळायचा पण बाईजवळ उभ्या असलेल्या सिस्टरला त्या क्षणी तो दिसत नव्हता. पिशवी तीच, प्लास्टिक तेच, मुख्य फरक रेषांचा आणि पुढे काय करायचं हे आधी ठरलेलं असण्याचा.

नवीन पद्धतीत पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, गर्भपिशवी कडक आहे का आणि रक्त कसं जातंय हे बघायचं. पाचशेच्या रेषेला रक्त लागलं की थांबायचं नाही, आणि तीनशे झालं असेल पण नाडी-बीपी किंवा गर्भपिशवी ठीक वाटत नसेल तरीही थांबायचं नाही. मग सगळं एकदमच करायचं: पोटावरून गर्भपिशवी चोळायची, ऑक्सिटोसिन (गर्भपिशवी आवळायला), ट्रॅनेक्झा म्हणजे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्त थांबवायला), सलाईन, आणि कुठे फाटलंय का, वारेचा तुकडा आत राहिलाय का, लघवीची पिशवी भरलीये का हे तपासायचं, आणि आटोक्यात येत नसेल तर वरच्याला बोलवायचं किंवा हलवायचं. पंधरा मिनिटांच्या आत. पूर्वीची रीत अशी की आधी चोळा, मग इंजेक्शन, मग बघू दहा मिनिटं, मग सलाईन वाढवा, मग डॉक्टरांना फोन, आणि या "बघू" मध्येच अर्धा तास निघून जातो.

निकाल असा आला की एक लिटरवर रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यातच मृत्यू होणं, हे तिन्ही मिळून जुन्या पद्धतीत ४.३ टक्के बायकांत घडलं आणि नव्यात १.६ टक्के. साठ टक्के कमी! मला जास्त धक्का बसला तो याच्या आतल्या आकड्यांनी. जुन्या पद्धतीत पीपीएच झालेल्या बायकांपैकी ५१ टक्केच ओळखल्या गेल्या, म्हणजे जवळपास निम्म्या बायकांना पीपीएच झाला आणि तो झाला हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. नव्यात ९३ टक्के ओळखल्या गेल्या. आणि सगळे उपचार एकत्र मिळाले ते जुन्या पद्धतीत फक्त १९ टक्क्यांना, नव्यात ९१ टक्क्यांना. तशीच माणसं, तसेच दवाखाने, तशीच गर्दी.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, हा साठ टक्क्यांचा फरक मुख्यतः एक लिटरवर रक्त जाणं कमी झाल्यामुळे आहे, नुसते मृत्यू वेगळे काढले तर आकडा लहान असल्याने त्यावरून ठाम बोलता येत नाही. पण आपल्याकडे एक लिटर रक्त जाण्याचा अर्थ काय होतो ते बघा, एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) प्रमाणे देशातल्या ५२ टक्के गरोदर बायका ॲनिमिक आहेत. आठ हिमोग्लोबिनची बाई टेबलावर असते तेव्हा तिच्या अंगात जायला जास्त रक्तच नसतं. ती वाचली तरी पुढे कित्येक महिने उठता बसता चक्कर, दूध कमी, अंगात त्राण नाही, आणि घरचे म्हणतात बाळंतपणात असं होतंच.

ट्रॅनेक्झाची पण एक गोष्ट आहे. हे औषध जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६० च्या आसपास शोधलं, आणि त्यांच्या मनात तेव्हापासूनच बाळंतपणातला रक्तस्राव होता. पण तिथे ते खरंच उपयोगी पडतं का याचा मोठा अभ्यास व्हायला पन्नासेक वर्षं लागली. लंडन विद्यापीठातल्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनने २१ देशांतल्या २०,०६० बायकांवर तो केला, २०१७ साली निकाल आला की तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांश कमी होतात, उशीर झाला तर फायदा जातो. उताकोबाई २०१६ मध्येच गेल्या, निकाल बघायला त्या नव्हत्या. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं.

आणि रिसर्च म्हणजे प्रत्येक वेळी "हो" असं उत्तर येतंच असं नाही. याच लोकांनी नंतर विचारलं की मग ॲनिमिक बायकांना रक्तस्राव सुरू व्हायच्या आधीच ट्रॅनेक्झा देऊन ठेवलं तर? ऐकायला एकदम पटतं ना, मलाही पटलं असतं. पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया, झांबियातल्या १५ हजारांवर बायकांवर करून बघितलं आणि २०२३ मध्ये उत्तर आलं की नाही, त्याने पीपीएच कमी होत नाही. ही "नाही" सुद्धा पेशंटच्या उपयोगाचीच, नाहीतर सगळीकडे सरसकट टोचणं सुरू झालं असतं.

पोचलं कुठपर्यंत म्हणाल तर ई-मोटिव्हचा निकाल मेमध्ये आला आणि २०२३ संपायच्या आत जागतिक आरोग्य संघटनेने रेषांचा ड्रेप आणि एकत्र उपचार यांची शिफारस केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवीन गाईडलाईन आली, त्यात पाचशेपर्यंत थांबायचं बंद, तीनशे एमएल आणि जोडीला नाडी-बीपी बिघडलेलं असलं तरी उपचार सुरू करायचे. मेडिकलच्या मानाने हा वेग खूपच चांगला आहे.

आमच्या वॉर्डात ड्रेप पहिल्यांदा आले तेव्हा काय बदललं ते सांगते. रात्रीची ड्युटी, दुसरटकरीण होती, सगळं सुरळीत झालं, गर्भपिशवी हाताला बऱ्यापैकी कडक लागत होती आणि पूर्वी असतं तर आम्ही बाळ पुसायला वळलो असतो. पण ड्रेपच्या पिशवीतलं रक्त तीनशेच्या रेषेवर दिसत होतं आणि नाडी एकशे दहाच्या पुढे. नव्याने आलेली शिकाऊ मुलगी होती, तिनेच बोट दाखवून म्हटलं, "सिस्टर, रेषेला लागलं." मी सिनिअर, पण मला तिच्याशी वाद घालायला जागाच नव्हती, रेषा दोघींना सारखीच दिसत होती. सलाईन, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झा सगळं लागलं, तपासलं तर आत एक चीर सापडली, डॉक्टर येऊन टाके घालून गेले. बाई तिसऱ्या दिवशी बाळ घेऊन चालत घरी गेली. पूर्वी ज्युनिअर मुलीला सिनिअरसमोर "मला जास्त वाटतंय" म्हणायची हिंमत व्हायची नाही, कारण तो तिचा अंदाज विरुद्ध माझा अंदाज असायचा. हे कुठल्या पेपरात छापून आलंय का बघितलं नाही, पण माझ्यासाठी ड्रेपचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

अडचणी आहेतच. ड्रेप एकदा वापरून टाकायचा असतो, पुरवठा सलग राहत नाही, संपले की परत नजरेवर काम. आणि नुसता ड्रेप आणून टाकला, ट्रेनिंग नाही, औषधं एका ट्रेमध्ये तयार नाहीत, दर महिन्याला आपले आकडे आपणच बसून बघायचे ते नाही, तर निम्मा उपयोग होतो, त्या अभ्यासात हे सगळं बरोबरीने केलं होतं. शिवाय तो अभ्यास नॉर्मल डिलिव्हरीचा होता, सिझेरियनला तीच गणितं जशीच्या तशी लावता येत नाहीत.

तुमच्या घरात कोणी गरोदर असेल तर दवाखान्यात नाव घालता तेव्हाच दोन गोष्टी विचारा, डिलिव्हरीनंतर रक्त मोजता का आणि जवळची ब्लड बँक कुठली, याचा राग येणारे डॉक्टर मला तरी फार भेटले नाहीत. सातव्या-आठव्या महिन्यातलं हिमोग्लोबिन किती आहे ते कार्डवर स्वतः वाचा. आणि घरी आल्यावर, अगदी आठ-दहा दिवसांनीसुद्धा, तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, बाईला गरगरतंय, हातपाय गार पडलेत, छातीत धडधडतंय असं असेल तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा आणि फोनवर डिलिव्हरी कधी झाली ते पहिल्याच वाक्यात सांगा.