छोटे पफ करताना शीट थंडच ठेवा

ताई, लातूरच्या उन्हाळ्यात सगळ्यात आधी पफ पेस्ट्रीची शीट जपा, म्हणजे लोण्याचे पदर घालून लाटलेली तयार पोळी. फ्रीझरमधली शीट आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर नको. आतलं लोणी वितळलं की पदर सुटतच नाहीत. बटाटा-वाटाण्याचं सारण काळा मसाला घालून कोरडं परता आणि पूर्ण गार होऊ द्या. धारदार सुरीने 6 सेंमीचे चौकोन कापा, मध्ये छोटा चमचाभरच सारण ठेवा, समोरासमोरची दोन टोकं पाण्याच्या बोटाने चिकटवा. दूध फक्त वरून लावा. कापलेल्या कडेवर ओघळलं तर पदर तिथंच चिकटतात, पफ एका बाजूने बसतो. आधीच तापलेल्या ओव्हनमध्ये 200 अंशांवर साधारण 20 मिनिटं. फिकट असताना मुळीच काढू नका, आत कच्चे राहतात. गरम पफ डब्यात झाकायचे नाहीत, जाळीवर ठेवा.