मुलं शाळेत टिकत नाहीत, मी बँकेच्या परीक्षा देऊ का?

पत्र: माझं डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) झालं आहे, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास आहे. दीड वर्षापासून डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत मानधनावर शिकवते. पहिली-दुसरीची मुलं वारली बोलतात, माझं बोलणं त्यांना नीट कळत नाही. दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर जातो. आई म्हणते, बँकेच्या परीक्षा दे. आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्य देणाऱ्या अनुताई वाघांबद्दल कॉलेजात वाचलं, म्हणून मी इथे आले. आता वाटतं, त्यांच्यासारखी चिकाटी माझ्यात नाही. काय करू?

उत्तर: तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पोटापाण्याचं काय, हा आईचा प्रश्न आणि तो रास्त आहे. मला शिकवता येतं का, हा तुझा. पैशांच्या काळजीने थकून तू दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं देऊन टाकते आहेस. म्हणून आधी दुसरा प्रश्न घेऊ.

अनुताईंची गोष्ट सांगताना आपण बहुधा सुरुवातीपाशीच रेंगाळतो. १९१० चा जन्म, तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, दिवसा नोकरी करून रात्रशाळेतून मॅट्रिक. हे सगळं मोठंच आहे, पण तुला उपयोगी पडेल तो भाग १९४५ नंतरचा. त्या वर्षी त्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांबरोबर तुझ्याच तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. बालवाडी सुरू झाली आणि जिच्यासाठी सुरू केली ती गरीब वस्तीतली मुलंच येईनात. मग बालवाडी उचलून त्यांच्या अंगणात नेली. मुलं पारोशी असायची, तर नखं कापणं, आंघोळ घालणं, केस विंचरणं हाच दिवसाचा पहिला पाठ झाला. माँटेसरी पद्धतीतलं खेळातून शिकवायचं साहित्य महाग, म्हणून शिंपले, बिया, खडे आणि पानं आली. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहायच्या, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली मुलं गुरांमागे रानात जायची, म्हणून शिक्षकही कुरणावर गेले.

यातली एकही अडचण त्यांनी नुसती दात-ओठ खाऊन सोसलेली नाही. मूल येत नाही म्हटल्यावर दर वेळी त्यांनी शाळेची जागा, वेळ, साहित्य यातलं काहीतरी बदललं. तीच घंटा त्याच वेळी वाजवत राहिल्या असत्या, तर माझ्या मते त्याही दोन वर्षांत थकून परतल्या असत्या. तू चिकाटी कमी पडते म्हणतेस, पण मला पत्रात दिसतं ते असं की दीड वर्ष तू एकाच पद्धतीने शिकवते आहेस. पद्धत बदलता येते, आणि त्यासाठी वेगळ्या स्वभावाची गरज नाही.

उद्यापासून करता येईल असं एक सांगतो. चिंचोके आणि खडे एकत्र करून पहिलीच्या मुलांपुढे ढीग ठेव आणि वेगळे करायला लाव. मुलं आपसात बोलतील, मोजतील, भांडतील. तू फक्त ऐक आणि त्यांचे शब्द वहीत लिहून घे. दुसऱ्या दिवशी तोच खेळ त्यांच्या शब्दांत तू सुरू कर, आणि मग प्रत्येक शब्दाशेजारी पुस्तकातला शब्द ठेव. अडलं तर चौथी-पाचवीतली एखादी मुलगी शेजारी बसव. तिला दोन्ही बोलणी येतात, आणि तिचंही वाचन सुधारेल.

स्थलांतर तुला एकटीला थांबवता येणार नाही, त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे आईवडील भट्टीवर गेले तरी मुलं गावातच राहून शिकतील अशा सोयीचा, विषय मात्र मुख्याध्यापकांकडे दिवाळीच्या बऱ्याच आधी काढ. जी मुलं जाणारच आहेत त्यांना शिक्षण हमी कार्ड मिळालं का ते बघ, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत बसता येईल. आणि वर्षाची आखणी अशी कर की अक्षरओळख आणि साधं वाचन दिवाळीपर्यंत हाती लागेल, बाकीचं मागे राहिलं तरी चालेल.

आता आईचा प्रश्न. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ग्राह्य धरता येणार नाही असा निकाल दिला. त्यामुळे पहिली ते पाचवीसाठी तुझ्या डी.एल.एड.ला वजन आलं आहे. टीईटी आहेच, पुढे शिक्षकभरतीसाठी होणाऱ्या अभियोग्यता चाचणीतले गुण आणि भरतीचं सरकारी संकेतस्थळ, पवित्र पोर्टल. अडचण अशी की ही चाचणी २०१७ मध्ये झाली, मग थेट २०२३ मध्ये आणि नंतर २०२५ मध्ये. वेळापत्रक आपल्या हातात नाही. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी मानधनावर, काढावी लागतात. २०२३ मध्ये वाढ होऊन प्राथमिकचं मानधन महिना १६,००० रुपये झालं. हे आकडे आईसमोर मांड, घरखर्चाचा हिशोब दोघींनी मिळून कर आणि किती काळ थांबणं झेपेल ते ठरव.

तोवर बँकेची परीक्षा जरूर दे. गणित आणि बुद्धिमत्तेची तयारी अभियोग्यता चाचणीलाही उपयोगी पडते. त्यात मुलांशी बेइमानी वगैरे काही नाही. ठरवलेली मुदत संपली आणि बँकेत निवड झाली, तर स्वच्छ मनाने जा. फक्त ‘मला शिकवता येत नाही’ असं समजून जाऊ नकोस, कारण ते अजून तपासून झालेलं नाही. पदवीचंही बघ. राहिली असेल तर मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून होते. अनुताईंनी बी.ए. केलं तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती.

वहीत पानभर शब्द जमले की मला पाठव. त्यावरून पहिल्या महिन्याचे पाठ कसे बेतायचे ते आपण ठरवू.