नवसात गोळी सोडायची होती का?

"मनाच्या आजाराची गोळी चालू असली की सेवा फळत नाही म्हणतात, खरं का?" कोल्हापुरात हा प्रश्न वर्षभर कानावर येतो, नवरात्राच्या आणि जोतिबाच्या खेट्यांच्या, म्हणजे माघातल्या रविवारी डोंगरावर चालत जायच्या वारीच्या तोंडावर तर हमखास. माझ्याकडे आलेल्या एका घराची गोष्ट सांगतो; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. बायपोलर आजार, म्हणजे मन कधी उन्मादात तर कधी खोल उदासीत जाणं; लिथियम या औषधावर चांगला स्थिरावलेला. आईने नवस बोलला आणि गोळ्या बंद केल्या. काही आठवड्यांत त्याची झोप तीन तासांवर आली, उधारीची मोटरसायकल दारात उभी राहिली.

देव मोठा की डॉक्टर, या वादात मी शिरत नाही. ज्या श्रद्धेच्या बळावर घराने आजार सोसला, तिलाच हात घातला तर माणसं परत येत नाहीत. एवढंच विचारलं, "मावशी, नवस बोलताना नेमके शब्द काय होते?"

"पोरगं नीट झोपू दे, कामाला लागू दे. माघातलं पाची रविवार दोघं अनवाणी चालत येतो."

"त्यात गोळी सोडायचं बोलला होता?"

त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "न्हाई वो सर. ते शेजारणीनं सांगितलं."

मग पिशवीतून न संपलेली पाकिटं काढून टेबलावर ठेवली. "आज रातच्याला देऊ?"

इथेच काम झालं होतं. नवसाचे शब्द विचारले की बहुतेक वेळा हेच निघतं: देवाला बोललेलं वेगळं, लोकांनी जोडलेलं वेगळं. पण खंड पडलेलं लिथियम आपल्या मनाने सुरू करायचं नसतं, म्हणून तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

खेटे थांबवले नाहीत. मात्र लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि अंगातलं पाणी-मीठ घटलं की रक्तात साठतं. म्हणून निर्जळ किंवा अळणी उपास त्याने करायचा नाही; हवा तर आईने धरावा. भट्टीपाशी घाम गाळणाऱ्याला तर हे जास्तच लागू. डोंगर चढून पाय दुखले की लोक मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतात; त्यानेही लिथियम वाढतं. पॅरासिटामॉल चालतं. लिथियमची रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, जीभ जड होणं, तोल जाणं यांपैकी काही दिसलं तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

जागरणाला मात्र मी ठाम नाही म्हणतो. बायपोलरमध्ये एका रात्रीची झोप गेली तरी उन्माद उसळू शकतो. आरतीला बसावं, पण रोजच्या वेळेला अंथरूण गाठावं.

कुणी साखळीने बांधा म्हणालं तर तिथून उठा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला बंदी आहे. अडल्या वेळी टेली-मानस या सरकारी मानसिक मदतवाहिनीचा 14416 हा मोफत नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.