द स्ट्रोक्स या अमेरिकन रॉक बँडचा अल्बम 'द न्यू अ‍ॅबनॉर्मल' खरंच इतका भारी आहे का?

आहे, पण 2021 चा ग्रॅमी मिळाला म्हणून नव्हे. 2013 नंतरचा त्यांचा हा पहिला अल्बम, तोही एप्रिल 2020 मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये आला. त्यात नावही असलं! लोकांना तो जास्त भिडला तो त्यामुळेच, असं माझं मत. गाणी नऊच. अंधेरी-चर्चगेट स्लो लोकलमध्ये आरामात ऐकून होतात. मधली एकदोन जरा रेंगाळतात. शेवटचं 'ओड टू द मेट्स' मात्र हेडफोन लावूनच ऐका: गायक ड्रमरला हाक मारून ड्रम मागतो, आणि मगच ते सुरू होतात. जानेवारी 2023 मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर बँड आला होता, तेव्हा माझ्या शेजारच्या पोराला सगळी गाणी पाठ. मला निम्मीसुद्धा नव्हती.